विरुपाक्षची ओळ

७ एप्रिल, सोमवार

पोहोचले बाई एकदाची! नातेपुत्याहून सकाळची एसटी धरली, पंढरपूरला ड्रायव्हरसाहेब चहाला उतरले ते अर्धा तास परतलेच नाहीत, आणि सोलापूरच्या स्टँडवर पाय ठेवला तर चपलेतून तळवे भाजले. बेचाळीस डिग्री म्हणे. इथल्या लोकांना त्याचं काहीच वाटत नाही.

ही वही माहेनूरनं दिली. माझी धाकटी बहीण, जिभेला हाड नाही. म्हणाली, आपा, तू रोज फोनवर माझं डोकं खातेस, त्यापेक्षा वहीला खा. बारावीची परीक्षा झाली तिची. बावीस तारखेला सीईटी आहे, सेंटर सोलापूरच. वीसला येईल, आणि नंबर लागला की इथंच माझ्याजवळ राहून शिकेल. मी ही नोकरी धरली ती त्याचसाठी. अम्मीला तिकडं तिचं लग्न दिसतंय आणि मला तिचं कॉलेज, बघू कोण जिंकतं ते.

नोकरी सयाजीशेठच्या शेडमध्ये. टॉवेल विणतात, कडेला नाव विणलेले. लग्नाचा आहेर, साठी, वर्षश्राद्ध, ज्याला जसं हवं तसं. माग जुना, त्याच्या डोक्यावरचं, नक्षी पाडणारं जकार्ड कॉम्प्युटरवर चालतं. प्रोग्रॅम ओपन सोर्स, फुकटातला, पण जुन्या कॉम्प्युटरची डिस्क करकर वाजायला लागलीय. तोच प्रोग्रॅम नव्या लिनक्स मशीनवर बांधून चालू करायचा, वीस तारखेच्या आत. केलं तर नोकरी पक्की. आधी हे सगळं विरुपाक्ष नावाचा माणूस बघायचा. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी जेवणाचा डबा टेबलावर तसाच ठेवून तो गावाकडं निघून गेला, असं शेठ म्हणाले.

राहायला फुलामावशींच्या माडीवर. मूळच्या होटगीच्या, तीस वर्षं याच शेडमध्ये आहेत. मागावरचे उभे धागे, म्हणजे ताणा, संपत आले की नव्या बीमवरचे, म्हणजे सुताच्या नव्या रुळावरचे, धागे जुन्या धाग्यांना सांधायचे, हे त्यांचं काम. एका बीमला दोन हजारांवर गाठी! जेवायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मी ईदच्या उरलेल्या शेवया दिल्या तर म्हणाल्या, उद्या दूध घालून करू की गं, दोघी खाऊ. नाजनीन लांबलचक वाटतं म्हणून मला नाजू म्हणतात. मला त्या आवडल्या.

८ एप्रिल, मंगळवार

दिवसभर चुकांशी कुस्ती. सकाळी लिंकर म्हणाला लायब्ररी सापडत नाही. पॅकेज टाकलं. मग सापडली, तरी म्हणे नाव सापडत नाही. हात्तिच्या! लायब्ररी आधी लिहिली होती आणि ती वापरणारी फाईल नंतर. लिंकर ओळ डावीकडून वाचत जातो, मागं वळून बघत नाही. क्रम उलटा केला, चाळीस चुका गेल्या.

मावशी दुपारी डबा घेऊन माझ्या काचेच्या केबिनमध्ये आल्या आणि विचारत बसल्या की हे काय चाललंय. मी सांगितलं, प्रोग्रॅम तुकड्यातुकड्यांनी लिहिलेला असतो. एका तुकड्यात नाव घेतलेलं असतं, त्या नावाचा धनी दुसऱ्या तुकड्यात असतो. लिंकर शेवटी येतो आणि एकेक नाव त्याच्या धन्याला नेऊन बांधतो. धनी सापडला नाही की बोंब मारतो, अनडिफाइन्ड रेफरन्स. मावशी हसल्या. म्हणाल्या, मंजी माजंच काम की ते. सांधायचं. एक बी टोक मोकळं सोडायचं न्हाय.

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

१० एप्रिल, गुरुवार

आज गंमत सापडली. जुन्या मशीनवर लिंकरच्या ओळीत सगळ्यात पहिली एक फाईल आहे, विरुपाक्षनं स्वतः लिहिलेली. आत तीनशे बारा नावं. सुलोचना, आसिफ, कमरुन्निसा, बजाबाई. आजवर टॉवेलवर विणलेली सगळी नावं, नवं नाव आलं की आपोआप भर पडते. नक्षीचं काम वेगळ्याच फाइलींतून होतं. पण टॉवेल विणून झाला की प्रोग्रॅम त्या नावाला एकदा हाक मारतो. कशासाठी? मूळ प्रोग्रॅममध्ये असलं काही मला सापडलं नाही. विरुपाक्षच्या आधीच कुणीतरी घातलेलं दिसतंय.

आणि या महाशयांनी काय करावं? प्रत्येक नावापुढं बरोबरची, म्हणजे ‘इज इक्वल टू’ची, खूण करून स्वतःचं नाव! सुलोचना बरोबर विरुपाक्ष. आसिफ बरोबर विरुपाक्ष. तीनशे बारा वेळा. म्हणजे हाक कुणाचीही असो, जाणार यांच्याकडं. वर एक ओळ लिहिलीय, हे पहिलं राहू द्या, काढू नका. केवढा तो अहंकार! धनी सापडत नाही म्हणून सगळ्यांच्या कपाळावर स्वतःचा शिक्का. असल्या जुगाडू लोकांमुळंच आमची कामं वाढतात.

माग चालवणारे ईरप्पामामाही तसलेच. अक्कलकोटकडचे, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलतात. नवीन बीम चढलं की पहिला टॉवेल ते स्वतःच्या नावाचा विणतात आणि खिळ्याला टांगतात. गिऱ्हाइकाचं नाव त्यानंतर. चाळीस वर्षांचे टॉवेल आहेत खिळ्यावर, एकही वापरलेला नाही. मी चेष्टेनं म्हटलं, मामा, दुकान टाका. ते हसले नाहीत. म्हणाले, पैली हाक आपल्यावर घ्यायची असती. गिऱ्हाइकाला काय म्हाईत.

११ एप्रिल, शुक्रवार

विरुपाक्षची फाईल नव्या मशीनवरून उडवली. जुन्या नावांची यादीही पुसली, त्या ऑर्डरी कधीच्याच संपल्यात. आता कोरी पाटी. मेक म्हटलं, म्हणजे सगळा प्रोग्रॅम बांधायचा हुकूम दिला, आणि एकही चूक नाही! खुर्चीवरून उठून नाचले. काचेतून सगळी शेड बघत होती, बघू दे.

१२ एप्रिल, शनिवार

पहिली चाचणी. ईरप्पामामा मठात गेलेले, म्हणून माग शेठनी स्वतः चालवला. चाचणीला नाव कुठलं द्यायचं? जगातला प्रत्येक प्रोग्रॅमर पहिल्यांदा आपल्या माणसाचंच नाव टाकतो. मी दोन टाकली. फुलाबाई. माहेनूर. एक टॉवेल मावशींना, एक बहिणीला सीईटीची भेट.

लिंकरनं बोंब मारलीच. दोन्ही नावांचा धनी सापडत नाही. नवीन नावं, सापडणार कशी? सध्या लिंकरला सांगितलं, न सापडलेलं सोड आणि पुढं जा. असा एक स्विच असतो. मी तो एरवी कधीच वापरत नाही, पण शेठ घाई करत होते.

टॉवेल मात्र काय सुंदर आले! मरून काठ, पांढरी अक्षरं. मावशींनी स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं आणि डोळे पुसले. म्हणाल्या, माजं नाव आजवर कशावर बी लिवलेलं न्हवतं गं. रेशनकार्डावर सुदीक चुकलंय.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीची सुट्टी. सगळं शहर निळं, मिरवणुकांच्या डॉल्बीनं माडीच्या काचा थरथरत होत्या. मावशींनी शेवयांची खीर केली. खाताना दोनदा त्यांनी वर बघून विचारलं, हाक मारलीस का? मी म्हटलं, मावशी, या आवाजात मी शेजारी बसून ओरडले तरी ऐकू जायचं नाही. त्या म्हणाल्या, तेच की.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी जुनी डिस्क बंद पडली, कायमची. म्हटलं बरं झालं, नवं चालू झालंय.

शेठ खूश. नमुने दाखवायला दोन्ही नावांचे सहा-सहा टॉवेल काढायला सांगितले. साडेबाराला शेवटचा निघाला.

मावशी मागाच्या मागं स्टुलावर बसून नवीन बीम सांधत होत्या. मी केबिनमध्ये होते. बाराचाळीसला ईरप्पामामा काचेवर हात आपटत आले. दंड धरून त्यांनी मला मागाकडं ओढलं. तोंड पांढरं पडलेलं.

मावशी नाहीत. चपला स्टुलाखाली. पाण्याची बाटली अर्धी. शेवटच्या गाठीचं सूत ताणलेलंच होतं, कुणी चिमटीत धरल्यासारखं. मी हात लावला तेव्हा ते सैल पडलं.

१६ एप्रिल, बुधवार

शेठ म्हणतात, गेली असंल होटगीला लेकीकडं. चपला सोडून? मी त्यांच्या लेकीला, पिंकीला, फोन केला. ती धावत आली, पोलिसांत तक्रार दिली. ते म्हणाले शोधू. शेडला दार एकच, त्यासमोर शेठ बसलेले. ते म्हणतात, बाहेर कुणी गेलंच नाही. आणि मग परत म्हणतात, होटगीला गेली असंल.

ईरप्पामामांनी आज सांगितलं. त्यांच्या डोळ्यांसमोर झालं. मावशींनी मान वर केली, कुणीतरी बोलवावं तशी. म्हणाल्या, आले, आले. हसून म्हणाल्या. उठल्या आणि मागाला वळसा घालून गेल्या. पलीकडं भिंत आहे. मामा म्हणाले, चार माग चालू होते, आमाला सोताचं बोलणं ऐकू येत न्हवतं. तिला कसं काय ऐकू आलं?

मग विचारलं, पैला टॉवेल कुणाच्या नावाचा काढला? मी सांगितलं. ते खाली बसले. बेड, बेड, बेड, एवढंच म्हणत राहिले. बेड म्हणजे नको.

हे लिहायलाही नको वाटतंय. तरी लिहिते. संध्याकाळी मी मेक परत चालवलं. स्विच काढून.

शनिवारी दोन चुका होत्या. आज एकच आहे.

माहेनूरचा धनी सापडत नाही.

फुलाबाईचा सापडला.

१७ एप्रिल, गुरुवार

मावशींच्या स्टुलावर कुणी बसलेलं नाही. कुणाची हिंमत नाही. तरी बीम सांधलं जातंय. सकाळी मोजल्या, चारशे अकरा गाठी. दुपारी चारशे साठ. त्यांचीच गाठ, डाव्या पिळाची, मामांनी ओळखली.

माहेनूरला फोन केला. सहज विचारावं तसं विचारलं, बरी आहेस ना. ती चिडलेली. म्हणाली, आपा, तूच आधी सांग, दुपारी माझं नाव घेऊन कशाला ओरडतेस? मी कधी? रोज, म्हणाली, मंगळवारपासून. गच्चीवर वाचत बसते तर खालून हाक येते, तुझ्याच आवाजात. खाली जाते तर कुणी नाही. फोनच्या स्पीकरची काहीतरी युक्ती असणार तुझी, म्हणाली. हसत होती.

मी सांगितलं, ओ देऊ नकोस. काही झालं तरी ओ देऊ नकोस आणि सोलापूरला येऊ नकोस. ती म्हणाली, वेडी झालीस का, परीक्षा आहे माझी.

१८ एप्रिल, शुक्रवार

सगळं करून बघितलं.

मशीन बंद केलं, प्लग काढला. माहेनूरला तरी हाक आली, एक वाजता.

नाव यादीतून पुसलं. चूक तशीच. यादीत नसलेल्या नावाची चूक! असं होऊच शकत नाही.

सातही टॉवेल उसवले. मामा आणि मी, सूत सूत करून. तिच्या नावाचं एक अक्षर शिल्लक ठेवलं नाही. मेक. चूक तशीच.

माझा अहंकार, विरुपाक्षचा नव्हे. आता कळतंय, या अल्लाह, आता! त्यानं शिक्के मारले नव्हते. हाकेला कुणीतरी हवं असतं. नाव घेतलं की धनी मिळेपर्यंत ते थांबत नाही. त्यानं तीनशे बारा माणसांच्या पुढं स्वतःला उभं केलं, मामा चाळीस वर्षं खिळ्यावर करतायत तेच. म्हणून तो डबा तसाच राहिला. म्हणून नंतर दोन वर्षं कुणाला काही झालं नाही.

आणि मी त्याला पुसलं. कचरा म्हणून.

त्याचीच ओळ परत लिहिली. माहेनूर बरोबर विरुपाक्ष. सगळ्यात पहिली. मेक.

विरुपाक्षचा धनी सापडत नाही.

तो त्या डिस्कमध्ये होता. डिस्क भंगारात गेली. मामांना घेऊन भंगारवाल्याकडं गेले. बुधवारीच फोडली, म्हणाला.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी आठ. अम्मीचा फोन. माहेनूर एसटीनं निघाली. एक दिवस आधी. अम्मीनं विचारलं, घाई का, तर म्हणाली, आपा बोलावतेय.

मी नाही बोलावलं. अम्मी, मी नाही —

तिचा फोन लागत नाही.

९.४०

लागला. पंढरपूर सोडलं तिनं. बसमध्ये हाका सतत येतायत, म्हणाली, आता हसत नव्हती. पुढच्या सीटवरून, मग खिडकीतून. आपा, ओ दिली की थांबेल का? मी ओरडले, नाही! दात दाबून धर, कलमा म्हण, गाणं म्हण, काहीही कर, ओ देऊ नकोस. रेंज गेली.

१०.१५

शेड रिकामी. शेठनी सगळ्यांना घरी पाठवलं, स्वतःही गेले. फक्त मामा. बीम पूर्ण सांधून झालंय. शेवटची गाठ आमच्यासमोर बसली. हात दिसला नाही.

दुसरा मार्ग नाही. नाव एकदा घेतलंय. कुणालातरी धनी व्हायला लागणार.

मामा म्हणाले, माजं घाल पोरी. माजं समदं झालंय. हात धरून ठेवला माझा, सोडेनात. रडत होते.

पण फाईल मी पुसली. त्यांनी नाही. मी.

१०.३०

लिहिली. एकच ओळ. सगळ्यात पहिली, लायब्ररीच्या आधी, सगळ्याच्या आधी.

माहेनूर बरोबर नाजनीन.

मेक.

एकही चूक नाही.

एकही नाही. गेल्या शनिवारपासून पहिल्यांदा —

१०.४५

फोन! माहेनूर. मोहोळ गेलं म्हणाली, आणि हाक एकदम थांबली आपा, कान मोकळे झाले. भूक लागलीय म्हणाली. शेंगाचटणी ठेव माझ्यासाठी. मी हो म्हटलं. अभ्यास झालाय का विचारलं. झालाय. गुणाची माझी पोर.

काय काय सांगायचं होतं तिला.

११.०५

मागाच्या मागून. मावशींचा आवाज. नाजूऽ, म्हणतायत. किती गोड. जेवायला बोलवावं तसं.

मामांनी कान दाबून धरलेत माझे, त्यांच्या दोन्ही हातांनी. तरी ऐकू येतंय. मी लिहितेय म्हणून ओ देत नाही. लिहिणं थांबलं की —

माहेनूर, वही मामा तुझ्या हातात देतील. शेडमध्ये येऊ नकोस, स्टँडवरच थांब. परीक्षा दे. अम्मीचं ऐकू नकोस, कॉलेज — ऐक, शेठ नवीन कुणालातरी आणतील. हुशार. नीटनेटकं. त्याला ती ओळ कचरा वाटेल, मला वाटली तशी. त्याला सांग. हात जोडून सांग. पहिली ओळ राहू दे, माझं नाव आहे तिथं, ती काढू न